पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : जीर्णोद्धार देवळांचा आणि दौलतीचा

आपल्या वराळे गावच्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या सहकार्याने तडीस गेला आणि त्या निमित्ताने ही स्मरणिका आपल्या हाती पडत आहे, ही आपणा सर्वांस धन्य वाटावी अशी गोष्ट आहे. समितीच्या मंडळींनी मलाही चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. मी काही विद्वान नव्हे. एस. एस. सी. होऊन तालुक्याच्या कचेरीत कागद सांभाळणारा एक साधा कारकून. परंतु जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की ज्या एका माउलीचे नाव आपोआप ओठी येते, तिचे चरित्र या पुस्तिकेत असावे असे मनापासून वाटले, म्हणून हे धाडस करीत आहे.

काशीपासून सोमनाथापर्यंत पडलेली देवळे ज्यांनी उभी केली त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांची कीर्ती घरोघरी ठाऊक आहे. हातात शिवपिंडी घेतलेली त्यांची तसबीर आपण पाहतोच. पण ही देवळे उभारण्यास पैसा कोठून आला, तो कोणी राखला, कोणी वाढवला आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर हेच त्यांचे खरे चरित्र आहे, असे माझे नम्र मत आहे. लढायांनी आणि घरातील मृत्यूंनी खचलेली एक दौलत एका विधवा स्त्रीने सावरली आणि ती सावरताना इतर स्त्रियांच्या हक्काचा पैसाही सावरून धरला. देवळे त्यानंतरची.

मावळातील उदाहरण

स्त्रीने कारभार करावा ही गोष्ट आपल्या मावळास नवी नाही. शेजारच्या तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाईसाहेब यांचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. १७२९ साली पती निवर्तले. १७३१ साली डभईच्या लढाईत पुत्र त्र्यंबकराव कामी आले. लहान मुलगा यशवंतराव यास सेनापतिपद मिळाले, पण तो अल्पवयीन असल्यामुळे सेनापतिपदाचा सर्व भार उमाबाईंनीच वाहिला. गुजरातेतील मोहिमेस त्या स्वतः गेल्या. वणीच्या सप्तशृंगगडाच्या पायऱ्याही त्यांनीच बांधविल्या. १७५३ साली त्यांचे निधन झाले. तळेगावास बनेश्वराच्या आवारात त्यांची समाधी आहे. आपल्यापैकी कितीजणांनी ती पाहिली आहे, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

उमाबाई गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, इकडे दूर उत्तरेत, होळकरांच्या घरी एका तरुण सुनेच्या कपाळाचे कुंकू पुसले गेले. त्या सुनेची ही कथा आहे.

चौंडीची मुलगी

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेडजवळच्या चौंडी या गावी झाला. हा जिल्हा पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखला जाई. आता तो त्यांच्याच नावाने अहिल्यानगर झाला आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मोठा वाडा नाही, जहागीर नाही, चारचौघांसारखे घर. पण त्या काळात मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नसतानाही माणकोजींनी मुलीस लिहावयास वाचावयास शिकविले. पुढे एका मोठ्या दौलतीचा जमाखर्च या मुलीने नजरेखालून घातला, त्याचे मूळ चौंडीच्या या घरात आहे. मुलीला शिकवून काय करायचे, असे माणकोजींनी म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार करण्यासारखा आहे.

सुभेदार मल्हारराव होळकर हे मूळचे नीरा नदीच्या काठच्या होळ गावचे. धनगराच्या घरी जन्मलेला मुलगा, स्वतःच्या मनगटाच्या जोरावर माळव्याचा सुभेदार झालेला. लष्करासह चौंडीस मुक्काम असता देवळात त्यांनी या चुणचुणीत मुलीस पाहिले आणि सून करून घेण्याचे ठरविले, असे सांगतात. १७३३ साली त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्येचा विवाह झाला. तेव्हा तिचे वय अवघे आठ वर्षांचे होते.

सासरी दोन गुरू भेटले. एक सासरे, दुसऱ्या सासूबाई गौतमाबाई. मल्हाररावांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. वसूल कोठून किती आला, फौजेचा पगार किती थकला, दाणागोटा किती शिल्लक आहे, ही कामे त्यांनी हळूहळू सुनेकडे सोपविली. आपला मुलगा कारभारात फारसे लक्ष घालीत नाही हे त्यांना दिसत होते. सुनेची कुवतही दिसत होती. ज्याच्या अंगी कुवत त्याच्याकडे काम, एवढा साधा विचार त्यांनी केला. १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई अशी दोन अपत्ये अहिल्यादेवींना झाली. संसार आणि दप्तर दोन्ही त्या सांभाळीत होत्या.

गौतमाबाईंची खासगी

आता एक गोष्ट सांगतो, जी कचेरीतील माणसाच्या डोळ्यांत चटकन भरावी अशी आहे. होळकरांच्या घरात दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा ही दोन खाती वेगळी होती. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी एक जहागीर मल्हाररावांच्या नव्हे, तर त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे करून दिली. तिचे उत्पन्न वर्षाला सुमारे तीन लाखांचे होते. हीच होळकरांची खासगी. हा पैसा घरच्या बाईचा. तो कसा खर्चावयाचा हे तिने ठरवावयाचे. फौजेच्या खर्चाशी त्याचा संबंध नाही.

१७६१ साली पानिपतच्या संहारानंतर काही महिन्यांतच गौतमाबाई निवर्तल्या. ही खासगी पुढे अहिल्यादेवींकडे आली. आपण ज्या देवळांचे, घाटांचे, धर्मशाळांचे गुणगान करतो त्यांचा मोठा खर्च या खासगीतून झाला. रयतेवर देवळासाठी पट्टी बसवली नाही की फौजेच्या पगारातून कापून घेतले नाही. स्वतःच्या नावचे उत्पन्न हाती असल्यामुळेच ती माउली कोणापुढे हात न पसरता दानधर्म करू शकली. वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण शेवटी मला तिच्याकडेच परत यावयाचे आहे.

दुःखाचे डोंगर

१७५४ साली राजस्थानातील कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्यादेवी तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. वृद्ध मल्हाररावांनी त्यांच्यापुढे पदर पसरावा तशी विनवणी केली. मुलगा गेला, आता सूनही गेली तर ही दौलत आणि ही लहान मुले कोणी पाहावीत, असा त्यांचा आकांत होता. अहिल्यादेवी माघारी फिरल्या. लोकनिंदेची पर्वा न करता फिरल्या. पुढे लाखो माणसांचे कल्याण झाले ते त्या एका माघारी फिरण्यामुळे.

यानंतर मल्हाररावांनी त्यांना कारभारात अधिकच गुंतविले. १७६५ सालचे त्यांचे सुनेला गेलेले पत्र इतिहासकारांनी प्रसिद्ध केले आहे. त्यात चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जाण्यास, तोफखाना बरोबर ठेवून दारूगोळ्याची तजवीज करण्यास आणि वाटेवर बंदोबस्तासाठी चौक्या बसविण्यास सांगितले आहे. सासरा सुनेला असे पत्र लिहितो, यावरून त्या घरात तिची जागा कोणती होती हे कळते.

२० मे १७६६ रोजी मल्हारराव वारले. सुभेदारीची वस्त्रे मालेरावांना मिळाली, पण वर्षाच्या आतच, १७६७ च्या एप्रिलमध्ये, तेही गेले. पती, सासू, सासरे आणि आता पोटचा मुलगा. गादीला वारस उरला नाही.

अशा वेळी माणसे काय करतात ते आपण गावोगावी पाहतो. बाई एकटी पडली की भाऊबंदांचे डोळे तिच्या जमिनीकडे वळतात. इथेही तसेच झाले. दौलतीचे जुने कारभारी गंगोबातात्या यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला, म्हणजे दत्तकाच्या नावाने कारभार आपल्या हाती राहील. राघोबादादांना त्यांनी बोलावणे पाठविले आणि दादा फौज घेऊन उज्जैनच्या रोखाने निघाले. अहिल्यादेवींनी दत्तकाचा आग्रह मानला नाही. एका सुभेदाराची सून, एकाची पत्नी, एकाची आई, तेव्हा वारसा आपलाच, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी शिंदे, गायकवाड अशा सरदारांना मदतीची पत्रे लिहिली, तुकोजी होळकरांना फौजेसह सज्ज केले, पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि स्वतः शस्त्र धरण्याची तयारी केली. स्त्रियांची एक तुकडी त्यांनी उभी केली होती असेही सांगतात. एका बाईकडून हार झाली तर दादांची अब्रू जाईल आणि जय झाला तरी त्यात भूषण नाही, हा विचार त्यांनी दादांपर्यंत पोहोचविला. माधवराव पेशव्यांनी न्यायाची बाजू घेतली. दादा मालेरावांच्या दुखवट्याला आलो असे म्हणून मोजक्या माणसांनिशी भेटीस आले आणि पाहुणचार घेऊन परतले. रक्ताचा थेंब न सांडता एका विधवेने आपला वारसा राखला.

दौलतीचा जीर्णोद्धार

१७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, अहिल्यादेवींनी राज्य केले. फौजेचे काम त्यांनी तुकोजीरावांकडे दिले, कारभार आणि खजिना आपल्याकडे ठेवला. राहण्यास त्यांनी नर्मदाकाठचे महेश्वर निवडले.

पानिपतनंतरचे ते दिवस होते. कर्ती माणसे गेलेली, वाटा असुरक्षित, वसूल थकलेला. अशा दौलतीची घडी कशी बसवावी? अहिल्यादेवींनी जे केले ते ऐकावयास फार सोपे आहे. शेतसारा माफक ठेवला. पाटील, जमीनदार यांचे पिढीजात हक्क मोडले नाहीत. चांगले कमाविसदार नेमले आणि त्यांना उगाच बदलले नाही. इंदूरचे कमाविसदार वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होते. अधिकारी टिकला की त्याला गाव कळते, आणि उद्या बदली होणार म्हणून आजच ओरबाडून घेण्याची बुद्धी होत नाही. सावकार, व्यापारी आणि शेतकरी यांच्या हाती पैसा खेळू लागला तर तो हिरावून घेण्याचे निमित्त न मानता त्यांना अधिक संरक्षण द्यावे, हे त्यांचे धोरण होते. त्याचे फळ म्हणजे इंदूर. एक साधे गाव होते, ते त्यांच्या कारकिर्दीत भरभराटीचे शहर झाले.

त्यांचा दिनक्रमही ठरलेला असे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळपर्यंत. पूजा आणि फराळ आटोपून रात्री नऊला पुन्हा कामास बसत, त्या अकरापर्यंत. दरबारात पडदा नसे. कोणीही रयत समोर येऊन आपले गाऱ्हाणे सांगू शके. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्यादेवींच्या निधनानंतर पाव शतकाने माळव्यात हिंडून, त्यांना पाहिलेल्या माणसांकडून ही हकिकत गोळा केली आणि १८२३ साली ग्रंथात छापली. माल्कम होळकरांच्या विरुद्ध लढलेला मनुष्य. त्याने लिहिलेली स्तुती खुशामतीची म्हणता येणार नाही. खुशामत तर बाईसाहेबांना मुळीच खपत नसे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकून देण्यास सांगितले.

डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटत. त्यांचा बंदोबस्त आधी शस्त्राने केला, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पोटाला नाही म्हणून माणूस वाट मारतो हे त्यांनी ओळखले. पडीक जमिनी भिल्लांना कसण्यास दिल्या. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर भीलकवडी नावाची लहानशी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला, आणि त्या बदल्यात वाट सुरक्षित ठेवण्याची, चोरी झाल्यास माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. लुटारू होते तेच राखणदार झाले. वाटा मोकळ्या झाल्या, बाजार भरू लागले, जकात आपोआप वाढली.

विधवांचे धन

आता मी या चरित्रातील माझ्या मते सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे येतो. त्या काळी निपुत्रिक मनुष्य मेला की त्याच्या संपत्तीवर सरकारचा डोळा असे. विधवेला दत्तक घ्यावयाचा तर परवानगीसाठी नजराणा भरावा लागे. अहिल्यादेवींनी ही लूट होऊ दिली नाही. पतीचे धन विधवेकडे राहावे, तिला दत्तक घेता यावा, असा त्यांचा न्याय होता.

इंदूरचे एक मोठे सावकार देवीचंद निपुत्रिक वारले. तुकोजीरावांची छावणी त्या वेळी इंदूरजवळ होती. काही लोकांनी कान भरले आणि त्या संपत्तीत सरकारचा वाटा घेण्याची तयारी सुरू झाली. देवीचंदांची विधवा तडक महेश्वरास गेली आणि बाईसाहेबांपुढे उभी राहिली. त्यांनी तिचे सारे ऐकून घेतले, घराची आणि मालमत्तेची धनीण तीच, याची खूण म्हणून तिला वस्त्रे दिली, आणि तुकोजीरावांना इंदूरपासून छावणी हलविण्याचा हुकूम धाडला. फौजेचा सरदार, घरचाच मनुष्य, तरी भीड ठेवली नाही. तुकोजीरावांचाही मोठेपणा हा की त्यांनी तो हुकूम मानला.

खरगोणच्या दोन सावकारांच्या विधवांनी तर आपण होऊन आपले धन सरकारात जमा करण्याची इच्छा दाखविली. अहिल्यादेवींनी ते घेतले नाही. हे धन तुमचे आहे, ते तुम्हीच लोकोपयोगी कामाला लावा, असा त्यांनी सल्ला दिला. चालून आलेली लक्ष्मी परत करणारे सरकार कोणी पाहिले आहे काय? पण यात केवळ दया नव्हती, शहाणपणही होते. आपल्या मागे आपल्या बायकोचे धन सुरक्षित राहील अशी ज्याला खात्री असते तो व्यापारी त्या गावी पेढी घालतो, घर बांधतो, पैसा गुंतवतो. जिथे विधवा लुटली जाते तिथे पैसा जमिनीत पुरला जातो. इंदूरच्या भरभराटीची पायरी ही अशी आहे.

महेश्वरचे माग

महेश्वर हे राजधानीचे ठिकाण झाले. किल्ला दुरुस्त झाला, नर्मदेवर दगडी घाट बांधले गेले. पण नुसत्या घाटांनी गावाचे पोट भरत नाही हे बाईसाहेब जाणून होत्या. त्यांनी ठिकठिकाणचे कुशल विणकर आणून महेश्वरात वसविले. येणाऱ्या पाहुण्यांना व सरदारांना द्यावयाची वस्त्रे याच मागांवर विणली जात. म्हणजे दरबारचा मानपानाचा खर्च बाहेर न जाता गावातल्याच हातांना काम देत असे. यातूनच महेश्वरी लुगडे जन्मास आले. अंगाने हलके, दोन्ही बाजूंनी नेसता यावे असे काठाचे, आणि त्या काठावर घाटाच्या पायऱ्या, विटा, चटई, नर्मदेच्या लाटा यांची नक्षी.

मागावर एकटा पुरुष बसलेला दिसला तरी सूत उकलणे, कांड्या भरणे, ताणा लावणे ही कामे घरातील बायकाच करतात. विणकराचे घर हे बायकांच्या हातावर चालणारे घर असते. पुढे गिरणीच्या कापडाने या मागांना उतरती कळा लागली आणि विसाव्या शतकात हा धंदा बुडण्याच्या बेतास आला. तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातीलच मंडळींनी रेहवा सोसायटी काढून महेश्वरातील स्त्रियांना मागावर बसविले. पूर्वी ज्या केवळ सूत उकलीत, त्या आता स्वतः विणकरी झाल्या आणि त्यांची मजुरी त्यांच्या हाती पडू लागली. आज महेश्वरी साडी देशभर नावाजलेली आहे. एका स्त्रीने लावलेले झाड दोनशे वर्षांनी स्त्रियांच्याच हातांनी पुन्हा पालवले.

देवळे, घाट आणि त्यांची व्यवस्था

आता देवळांविषयी. काशीस विश्वेश्वराचे सध्याचे मंदिर १७८० मध्ये, सोमनाथास नवे मंदिर १७८३ मध्ये, गयेस विष्णुपदाचे मंदिर १७८७ मध्ये त्यांनी उभे केले. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिरही त्यांनीच जीर्णोद्धार केलेले. जेजुरीचा होळकर तलाव आपल्यापैकी खंडोबाच्या वारीला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिला असेल. यांपैकी कितीतरी स्थाने त्यांच्या राज्याबाहेरची. तिथे त्यांची सत्ता नव्हती आणि वसूलही नव्हता. जिथे यात्रेकरू जातो तिथे आपले कर्तव्य आहे, एवढाच त्यांचा भाव.

तरी सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट बांधकामानंतरची आहे. देऊळ बांधून मोकळे न होता त्याच्या पूजेअर्चेची, दिवाबत्तीची, अन्नछत्राची कायमची तजवीज त्या लावून देत. खासगीतून नेमणुका ठरलेल्या असत आणि त्या वर्षानुवर्षे पोहोचत. दक्षिणेतील देवस्थानांना गंगेच्या कावडी जात. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया बसत. नांगरास जुंपलेल्या तहानलेल्या बैलांनाही त्यांची माणसे वाटेत थांबवून पाणी पाजीत. पाखरांना कोणी शेतातून हाकलू नये म्हणून उभी शेते विकत घेऊन राखली जात. आपल्या समितीनेही मंदिर झाले, आता पुढील देखभाल कशी, हा विचार याच वळणाने करावा, अशी विनंती आहे.

अखेरचे दिवस

अहिल्यादेवींच्या आयुष्यात सर्व काही मनासारखे झाले असे नाही. लेक मुक्ताबाई त्यांनी यशवंतराव फणसे या शूर तरुणास दिली होती. चोरदरोड्यांचा बंदोबस्त करील त्यास मुलगी देईन, हा त्यांचा पण फणसे यांनी पुरा केला, असे सांगतात. जात आणि घराणे न पाहता कर्तृत्व पाहून केलेले हे लग्न. पण दैवाने पाठ सोडली नाही. नातू नथ्याबा तरुणपणीच गेला आणि १७९१ साली जावई गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. आईने पायांवर लोळण घेऊन विनविले, पण लेकीने ऐकले नाही. सासऱ्याच्या शब्दासाठी जी स्वतः चितेपासून माघारी फिरली, तिला आपली मुलगी मात्र माघारी फिरविता आली नाही. नर्मदेच्या काठी उभे राहून तिने ते पाहिले. तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. चौथ्या दिवसापासून पुन्हा काम सुरू झाले.

एवढ्या थोर स्त्रीलाही रूढीची ती भिंत पाडता आली नाही, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आपले हक्क राखणे आणि दुसरीचे राखणे हे त्यांनी केले, पण काळापुढे त्याही एका जागी हरल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वरी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे होळकरशाहीत भाऊबंदकी माजली, लढाया झाल्या, पण त्यांनी लावून दिलेल्या धर्मादायाची व्यवस्था खासगीने चालू ठेवली. २०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे झाली. त्या वर्षी ६ मे रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीस भरली. ज्या गावच्या पाटलाने मुलीला अक्षर शिकविले, त्या गावाला असा मान मिळाला.

आपण काय घ्यावे

चरित्र संपले. शेवटी दोन शब्द बोलण्याची परवानगी असावी.

आपल्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. तळेगाव-चाकणकडे कारखाने आले, रस्ते रुंदावले, आणि आजोबांनी ज्या खडकाळ शेतात वरईही नीट पिकवली नाही, त्याला आज गुंठ्यावर भाव बोलला जातो. कायदाही आता स्पष्ट आहे. १९९२ साली शासनाने लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक काढून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, २००५ साली केंद्राच्या कायद्याने तो विवाहित मुलींनाही मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मतःच असल्याचे सांगितले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आईचेही नाव येते.

कायदा असा, आणि चाल मात्र वेगळी. जमिनीचा व्यवहार ठरला की बहिणीला गाडी पाठवून बोलावणे होते. तिला साडीचोळी होते, जेवण होते, आणि हक्कसोडपत्रावर सही होते. एखादी बहीण समजून उमजून, भावाच्या प्रेमाखातर हक्क सोडते, तिला मी दोष देत नाही. पण तिला कागद वाचून दाखवावा, भाव काय ठरला ते सांगावे, नाही म्हणण्याची मोकळीक द्यावी, एवढे तरी व्हावे. माझे वडील वारले त्यानंतर माझ्या बहिणीनेही अशीच सही केली. मी कारकून, रोज दुसऱ्यांना कागद समजावून सांगतो. तो कागद मी तिला वाचून दाखविला नाही. तिने कधी विचारले नाही, आणि मला मात्र त्या दिवसाची आठवण झाली की मान वर करवत नाही. देवीचंदांच्या विधवेला महेश्वरास जाऊन दाद मागता आली. आपल्या लेकीबहिणींनी कोठे जावे? त्यांचे महेश्वर आपल्याच उंबऱ्यात असावयास नको काय?

गावोगावच्या स्मरणिका चाळताना देणगीदारांच्या यादीत बायकांची नावे बहुधा कैलासवासी म्हणून, कोणाच्या तरी स्मरणार्थ, अशीच आढळतात. जिवंतपणी देणगी देण्यास त्यांच्या नावे काही नसते. खरे पाहता पायाचे दगड वाहताना, महाप्रसादाच्या भाकरी थापताना, बचतगटाच्या पेटीतून दहा-दहा रुपये काढताना कोणते हात पुढे असतात, ते सांगावयास नको. गौतमाबाईंच्या नावे खासगी होती म्हणून अहिल्यादेवींच्या हातून काशी-सोमनाथ उभे राहिले. आपल्या घरच्या लक्ष्मीच्या नावे चार गुंठे का होईना असतील, तर तिच्या हातूनही घर उभे राहील, मुलांचे शिक्षण होईल आणि देवाच्या कामाला ती स्वतःच्या नावाने पुढे येईल.

देवळाचा जीर्णोद्धार झाला, आता घरातील या जुन्या चालीचा जीर्णोद्धार करावा, अशी ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करतो.  लिहिण्यात काही अधिकउणे झाले असल्यास वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

इति लेखनसीमा.